रिडेव्हलपमेंट होईपर्यंत : लाखभरात जुनं स्वयंपाकघर

आज कोड नाही, करिअर नाही, शेअर बाजार तर नाहीच नाही. आज स्वयंपाकघर. म्हणजे नव्वदच्या दशकात बांधलेल्या सोसायटीतलं, दहा बाय आठचं, काळ्या कडप्प्याच्या ओट्याचं स्वयंपाकघर, आणि ते सुधारायला हातात जेमतेम लाखभर रुपये. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांच्या घरी अगदी हेच स्वयंपाकघर असेल, पैज लावतो. पांढऱ्या सहा बाय सहाच्या टाइल्स, मध्येच एका टाइलवर फळांच्या टोपलीचं चित्र, ओट्याखाली फुलाफुलांचा पडदा. आलं ना डोळ्यासमोर?

आमचं घर डोंबिवली पूर्वेला. इमारत १९९४ ची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, तो म्हणजे रिडेव्हलपमेंट. सोसायटीच्या सभेत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी बारावीत होतो. आता मी २८ वर्षांचा आहे. मधल्या काळात बारावी झाली, बीटेक झालं, दोन नोकऱ्या बदलून झाल्या. रिडेव्हलपमेंट अजून 'यंदा नक्की'वरच आहे. बिल्डर येतात, प्रेझेंटेशन देतात, समोसे होतात, कार्पेट एरियावरून भांडणं होतात, बिल्डर जातात.

यात कुणाचं काही फार बिघडत नाही, असं वाटतं. पण बिघडतं. कारण प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं असतं : आता कशाला, नवीन घरात करू की. नळ गळतोय? नवीन घरात. सॉकेट तापतंय? नवीन घरात. आमच्या बाबांचं हे आवडतं वाक्य. आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर चुकीचंही नाही, जी भिंत पडणार आहे तिच्यावर तीन लाख का चिकटवायचे? पण या वाक्याची किंमत बाबा भरत नव्हते. ती आई भरत होती. ती आज ५९ वर्षांची आहे. सभेत उद्या ठराव झाला तरी इमारत रिकामी करणं, पाडणं, बांधणं, ताबा मिळणं यात चार-पाच वर्षं सहज जातात. म्हणजे 'नवीन घरात करू'चा खरा अर्थ 'तू साठी ओलांडेपर्यंत असंच चालव' असा होतो. हे मी बाबांना असंच बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं, पण लाखाच्या वर जायचं नाही." मी एक लाख दहावर तोडगा काढला. दहा हजार अडीअडचणीला.

तर प्रश्न असा तयार झाला. घर पाडलं जाणार आहे हे धरून, पण कधी ते माहीत नाही हे धरून, स्वयंपाकघरावर पैसे कसे खर्च करायचे?

आधी आम्ही दोन ठिकाणी मॉड्युलर किचनची कोटेशन्स घेतली. एक दोन लाख पंच्याऐंशी हजार, दुसरं तीन लाख चाळीस. बजेटबाहेरची होती, तरी मी दोन्ही ओळ न ओळ वाचली, आमच्यात कोड रिव्ह्यू करतात तशी. आणि कळलं काय, तर बहुतेक सगळा पैसा खोक्यांचा आणि खोक्यांच्या दारांचा आहे. शटर अॅक्रिलिकचं की लॅमिनेटचं, बिजागरी आपोआप हळू मिटणारी की साधी, हँडल कोणतं. आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात एक ओळ : वायरिंग आणि प्लंबिंग ग्राहकाने करून घ्यावं. आता यात त्यांचा दोष नाही, त्यांचा धंदा खोक्यांचाच आहे. पण तीस वर्षं जुन्या स्वयंपाकघरात खरा आजार त्या शेवटच्या ओळीत असतो, आणि खोकं त्याच्यावर पांघरूण घालतं.

म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे ठरवले. पहिला, ही गोष्ट न केल्याने कुणाच्या जिवाला धोका आहे का? असेल तर चर्चा नाही, करायची. दुसरा, उद्या सामान बांधून भाड्याच्या घरात जायची वेळ आली तर ही उचलून नेता येईल का? येत असेल तर चांगली घ्यायची, थोडी महाग पडली तरी. नसेल येत, भिंतीला किंवा जमिनीला चिकटून राहणार असेल, तर स्वस्तात उरकायची. तुम्ही भाड्याच्या घरात राहत असाल तर तुम्हालाही हेच लागू, उलट जास्तच.

आता कामाला लागण्याआधी एक गोष्ट केली, ती माझ्या पेशामुळे. आम्हाला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं, की प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून अंदाजाने दुरुस्ती करू नका, आधी मोजा, कुठे वेळ जातोय ते बघा. मग एका रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलो, हातात वही. आई वैतागली. "अरे, काय चाललंय, पोलीस पंचनामा करतात तसं?" पण अडीच तासांत ती ओट्याखाली ३१ वेळा वाकली. त्यातली बारा वाकणी फक्त कुकर, तेलाचा डबा आणि पिठाचा डबा या तिघांसाठी. या तीन वस्तू दिवसातून सगळ्यात जास्त लागतात आणि त्या सगळ्यात खाली, सगळ्यात आत होत्या. का? तर जड आहेत म्हणून. बरोबरच आहे, जड वस्तू वर ठेवत नाहीत. पण खाली आणि आत यात फरक असतो.

असं मोजणं ही काही माझी अक्कल नाही, शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे. जर्मनीत फ्रँकफर्ट शहराच्या सरकारी घरांसाठी १९२६ मध्ये मार्गारेट शुट्ट-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी एक छोटं स्वयंपाकघर आखलं, पावलं आणि हालचाली मोजून. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनचं ते आजोबा. गंमत म्हणजे त्या बाई स्वतःच सांगायच्या की तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. म्हणून म्हणतो, मोजा, पण मोजून झालं की वही रांधणाऱ्या माणसाच्या हातात द्या. आईने माझ्या वहीत एका मिनिटात दोन गोष्टी वाढवल्या, ज्या मला दारातून दिसल्याच नव्हत्या. एक, ट्यूबलाइट तिच्या पाठीमागे असल्याने ती चिरते तिथे स्वतःचीच सावली पडते. दोन, पाट.

पाटाबद्दल सांगायला हवं. माझी आई चार फूट दहा इंच. ओटा बिल्डरने बांधलेला, चौतीस इंचांचा. आता हिशेब बघा. उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवला, की जमिनीपासून कोपराची उंची मोजायची. आईची भरली साडेछत्तीस इंच. चिरायचं वगैरे काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली आरामात होतं. कणीक मळायची, पोळी लाटायची तर अजून खाली हवं, कारण तिथे खांद्यातून वजन टाकावं लागतं. म्हणजे तिला ओटा एकतीस-बत्तीसचा हवा आणि पोळपाट एकोणतीस-तीसवर. आणि शेगडीचं तर विचारूच नका. चौतीस इंच ओटा, त्यावर पाच इंच शेगडी, त्यावर चार इंच कढई. कढईचा काठ त्रेचाळीस इंचांवर, कोपराच्या साडेसहा इंच वर! भाजी परतताना हात सतत उचललेला. खांदा दुखतो म्हणून गेली तीन वर्षं घरात मलम, शेक, फिजिओथेरपी सगळं झालं होतं. ओट्याची उंची मात्र कुणी मोजली नव्हती, डॉक्टर तरी बिचारे घरी येऊन टेप कशी लावणार.

यावर आईने तिचा उपाय कधीच काढला होता. जेवायला बसायचा लाकडी पाट ओट्यासमोर टाकायचा आणि त्यावर उभं राहायचं. अडीच इंच मिळाले. पण पाटावर उभं राहून उकळती आमटी उतरवायची, वळून सिंककडे जाताना पाटावरून पाय खाली टाकायचा, तोही ओल्या फरशीवर. आम्ही सगळे त्या पाटाला अडखळायचो आणि तिलाच म्हणायचो, हा पाट कशाला मध्ये. उत्तर तिने कधी दिलं नाही, कारण तिलाही तो प्रश्न ओट्याचा आहे असं वाटत नव्हतं. आपली उंची कमी, असं वाटायचं.

पूर्ण ओटा तोडून खाली घ्यायचा तर नवा दगड, गवंडी, राडारोडा तीन मजले उतरवणं, सगळं मिळून पस्तीस-चाळीस हजार. आणि तो चिकटणारा खर्च. पण गवंडीकाकांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "काकू, तुमचा कडप्पा एक सलग नाहीये. शेगडीखालचा तुकडा वेगळा आहे. तेवढाच खाली घेऊ." कडप्प्याचे ओटे असेच असतात, उभ्या कडप्प्याच्या पायांवर आडव्या लाद्या टाकलेल्या. त्यांनी शेगडीखालची तीन फुटांची लादी काढली, उभे पाय ग्राइंडरने चार इंच कापले, लादी परत बसवली आणि पायरीच्या जागी कडप्प्याचीच पट्टी लावली. एक दिवस, दोन हजार आठशे रुपये. कढईचा काठ आता एकोणचाळीसवर आला, पाट न घेता. याला एक तोटा आहे तोही सांगतो. पूर्वी आई कुकर शेगडीवरून ओट्यावर अर्धवट सरकवत न्यायची, आता मध्ये चार इंचांची पायरी आहे, त्यामुळे उचलावाच लागतो. हे तिला आधी रिकाम्या कुकरने करून दाखवायला लावलं, तिने विचार केला आणि म्हणाली, चालेल, खांदा महत्त्वाचा.

आणखी एक, सिलिंडर त्या कमी केलेल्या भागाखाली ठेवता येत नाही. घरगुती सिलिंडर आणि त्यावर रेग्युलेटर धरला तर उंची पुरत नाही, नळी दुमडते. आमचा शेजारच्या खणात आहे. त्या खणाला दार लावलं, पण दाराला खालच्या बाजूला जाळी ठेवली. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून वाट खालीच हवी. नळीवर छापलेली तारीखही बघून घ्या. ती सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि घरोघरी ती लग्नाच्या साडीसारखी जपून ठेवलेली असते.

मळण्या-लाटण्यासाठी मात्र ओट्याला हातच लावला नाही. एक टेबल करून घेतलं. लोखंडी चौकोनी पाइपाची चौकट, चार चाकं, त्यातल्या दोन चाकांना ब्रेक, उंची एकोणतीस इंच, वर ग्रॅनाइटचा तुकडा. मार्बलच्या दुकानात मोठ्या कामांतून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते विचारा, खूप स्वस्तात मिळतात. चौकटीच्या खालच्या फळीवर पिठाचा डबा आणि परात. सगळं मिळून नऊ हजार आठशे. एकोणतीस इंच म्हणजे साधारण डायनिंग टेबलाची उंची, त्यामुळे घरातली कुठलीही खुर्ची ओढून बसून भाजी निवडता येते, चिरता येते. आई आता पोळ्या उभ्याने लाटते आणि बाकी सगळं बसून. काम झालं की टेबल फ्रिजशेजारी सरकतं. आणि उद्या घर सोडलं तर ते टेम्पोत चढतं. अख्ख्या कामातला माझा सगळ्यात आवडता खर्च हाच.

आता वायरिंग. इथे कंजूषपणा करू नका, कृपा करून. १९९४ मध्ये बिल्डरने स्वयंपाकघरात काय धरलं होतं? एक दिवा, एक पंखा, मिक्सरला एक सॉकेट. आज त्याच वायरवर मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, पाण्याचा फिल्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावून फ्रिज. साधं गणित करा, वॉट भागिले व्होल्ट. इंडक्शन २००० वॉटचं, भागिले २३०, झाले ८.७ अँपिअर. आणि साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. त्यात मायक्रोवेव्ह १२०० वॉट ओढत असेल तर दोन्ही मिळून १४ अँपिअरच्या जवळ जातात. वायरमनने आमचा बोर्ड उघडला तेव्हा एका सॉकेटची मागची बाजू तपकिरी होऊन ठिसूळ झाली होती, बोट लावलं तर भुगा. अर्थिंगची वायर नावापुरती, कशालाच न जोडलेली. आणि फ्यूजच्या पांढऱ्या खोबणीत कधीतरी कुणीतरी सारखी उडते म्हणून जाड तार घातलेली. म्हणजे फ्यूज उडायचा बंद झाला आणि सगळे खूश! फ्यूज उडणं हेच त्याचं काम होतं हो.

आम्ही मीटरपासून स्वयंपाकघरासाठी वेगळी लाइन घेतली, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची. सोळा अँपिअरची तीन सॉकेट, प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी, अर्थिंग नीट जोडून, आणि सगळ्याच्या आधी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ओल्या हातांनी मिक्सर लावणारं माणूस ज्या घरात आहे, म्हणजे प्रत्येक घरात, तिथे तो हवाच. भिंतीत चर न पाडता वायर पीव्हीसी पट्टीतून बाहेरून नेली. दिसायला थोडं ऑफिससारखं दिसतं. पण चर पाडणं, बुजवणं, गिलावा, परत रंग हा सगळा खर्च वाचला, आणि भिंत तशीही पडणारच आहे. एकूण साडेचौदा हजार.

प्लंबिंगला अकरा हजार आठशे. जुना लोखंडी जीआय पाइप आतून गंजून इतका बुजला होता की त्यातून पेन्सिल जाईना, आणि आम्ही इतकी वर्षं टाकीला आणि पंपाला शिव्या देत होतो. सीपीव्हीसी टाकला, सिंकखालचा ट्रॅप आणि सांडपाण्याचा पाइप बदलला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावरचा ओला डाग वाळला, त्यामुळे शेजारसंबंधही सुधारले, हा बोनस. सिंक आणि नळ आठ हजार तीनशेचे. सिंक ३०४ ग्रेडचं स्टील घ्या, बिलावर तसं लिहून घ्या. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, बघा साहेब चिकटत नाही. त्याला भुलू नका, २०२ ग्रेडच्या स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. दोन्हींत खरा फरक निकेलचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, काही वर्षांनी गंजाच्या ठिपक्यांत दिसतो.

कडप्पा ठेवायचा की ग्रॅनाइट टाकायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मावशीने ग्रॅनाइट केलं होतं, त्यामुळे दबाव होता. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव. त्याची खोड एकच, आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडून राहिलं की पांढरट डाग पडतो, कारण आम्ल चुनखडीला खातं. सिंक साफ करायचं अॅसिड तर अजिबात पडू द्यायचं नाही. ग्रॅनाइटला हा त्रास नाही. पण त्याने स्वयंपाक सोपा होणार होता का? नाही. जिवाचा धोका टळणार होता का? नाही. उचलून नेता येणार होतं का? दगड? तिसऱ्या मजल्यावरून? मग विषय संपला. मशीन लावून कडप्पा पॉलिश करून घेतला, तीन हजार. काळाभोर दिसतो. लिंबू कापायला आता टेबलावरचं ग्रॅनाइट आहेच.

ट्रॉल्या. हा सगळ्यात मोठा आकडा, सत्तावीस हजार. ओट्याखालच्या पाच खणांपैकी फक्त तिघांत केल्या, आणि कोणत्या तीन ते वहीवरून ठरलं, कुकरचा, तेल-डाळींचा आणि रोजच्या भांड्यांचा. प्रत्येक ट्रॉली स्वतःच्या प्लायवूडच्या चौकटीत बसवली, चौकट ओट्याला न चिकटवता फक्त आत सरकवलेली, खाली चार इंचांचे प्लॅस्टिकचे पाय. म्हणजे फरशी धुतली तरी लाकूड भिजत नाही आणि घर सोडताना अख्खी चौकट बाहेर येते. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो पाण्यात टिकणारा. एमआर लिहिलेला प्लाय दमट हवेपुरता, ओट्याखाली नको. पार्टिकल बोर्ड तर सिंकच्या आसपास फिरकूही देऊ नका, पावात चहा शिरतो तसं त्यात पाणी शिरतं. पुढे शटर लावलीच नाहीत. सुतार हळहळला, "दादा, शोभा येणार नाही." पण ट्रॉलीला शटर लावलं की खर्च जवळपास दीडपट होत होता.

वस्तू काढायच्या वेळी जे झालं ते मात्र महाभारत. माझा नियम होता, वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते घराबाहेर. आई म्हणाली, "सोऱ्या वर्षातून एकदाच लागतो. दिवाळीला चकल्या तुझा लॅपटॉप पाडणार आहे का?" मुद्दा बरोबर होता. सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, लग्नातला तांब्याचा हंडा, ही माळ्यावरची मंडळी. रोजचं ओट्याच्या हाताशी, आठवड्याचं ट्रॉलीत, वर्षाचं माळ्यावर. यात घराबाहेर गेले ते फक्त श्रीखंडाचे रिकामे डबे. मोजले, ४३ निघाले. सात परत आले, कसे ते विचारू नका.

बाकीचं भराभर सांगतो. टाइल्स तोडल्या नाहीत. ओट्याच्या वर दोन फूट पट्टा, जुन्या टाइल्सवरच चिकटवणाऱ्या अॅडहेसिव्हने नव्या लावल्या. आधी प्रत्येक जुनी टाइल वाजवून बघायची, पोकळ आवाज आला तर ती काढून भरायची, नाहीतर जुनीसकट नवी खाली येते. शेगडीच्या मागच्या भिंतीला सांधे इपॉक्सीने भरा, साधं सिमेंट ग्राउट हळद आणि तेलाने पिवळं पडतं. साडेनऊ हजार. फळांच्या टोपलीवाली टाइल आईने झाकू दिली नाही, तेवढ्यापुरती नव्या टाइल्समध्ये खिडकी आहे! चिमणी घेतली नाही, खिडकीत चांगला एक्झॉस्ट पंखा बसवला. आणि कपाटाच्या खालून ओट्यावर उजेड पडेल अशा एलईडी पट्ट्या लावल्या, ४००० केल्विनच्या, म्हणजे ना हॉस्पिटलसारखा पांढरा ना हॉटेलसारखा पिवळा. पंखा आणि दिवे मिळून तीन हजार सातशे. पाहुणे आले की सगळ्यात आधी याच दिव्यांचं कौतुक करतात, साडेचौदा हजारांच्या वायरिंगला कुणी विचारत नाही. रंग बाबांनी स्वतः दिला, सामान साडेचार हजारांचं.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी वायरमन आणि प्लंबर, मग गवंडी, मग पॉलिश, मग टाइल्स, मग रंग, सुतार शेवटी. प्रत्येकाचे शेवटचे वीस टक्के काम वापरून बघितल्यावर द्यायचे, हे आधीच गोड शब्दांत सांगून ठेवायचं. तारखा गणपती, दिवाळी आणि पावसाळा टाळून. आमचं फेब्रुवारीत झालं, नऊ दिवस. सुरुवातीचे पाच दिवस डबा लावला, दोन हजार सहाशे. पुढचे दिवस हॉलमध्ये इंडक्शनवर पिठलं-भात.

हिशेब सांगतो, कारण आकडा न सांगता बजेटवर बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. वायरिंग, प्लंबिंग, गॅसची नळी आणि सिलिंडरच्या खणाचं जाळीचं दार मिळून अठ्ठावीस हजार दोनशे. टेबल, ट्रॉल्या, सिंक-नळ, पंखा आणि दिवे, म्हणजे उचलून नेता येणारं, अठ्ठेचाळीस हजार आठशे. भिंतीला आणि दगडाला चिकटलेलं, टाइल्स, गवंडी, पॉलिश, रंग, एकोणीस हजार आठशे. राडारोडा उतरवणं आणि डबे, पाच हजार शंभर. एकूण एक लाख एक हजार नऊशे. उद्या इमारत रिकामी करायची नोटीस आली तर खऱ्या अर्थाने पाण्यात जाणारे ते एकोणीस हजार आठशे, आणि तेवढे आईच्या खांद्यावरून ओवाळून टाकले असं बाबाच म्हणाले. वायरिंगही जाईल, पण तोवर दर दिवशी ते आपलं काम करत असेल.

खांद्याचं विचाराल तर बरा आहे, दुखणं गेलेलं नाही पण मलमाची ट्यूब आता दोन महिने पुरते. पाट पुन्हा जेवायच्या कामाला लागला.

गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. नवा बिल्डर, नवं प्रेझेंटेशन, समोसे तेच. आई पहिल्यांदाच पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने एकच प्रश्न विचारला, नव्या फ्लॅटमध्ये ओट्याची उंची किती देणार? बिल्डरच्या माणसाने सांगितलं, स्टँडर्ड. आई म्हणाली, कुणाच्या मापाचं स्टँडर्ड? तो विषय इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे.

या भागाखाली ट्रॉलीच्या चौकटीची मापं आणि टेबलाचं रेखाटन टाकतो. तुमच्या घरी ओटा किती इंचांचा आहे आणि तिथे रांधणाऱ्या माणसाचं कोपर किती इंचांवर, हे दोन आकडे मला पाठवा. पुढच्या भागात बाथरूम. तिथे बाबांशी अजून बोलणी सुरू आहेत. नमस्कार.